उणे ऐंशीची उष्णता

वैद्यकीय संशोधनाच्या कुठल्याही इमारतीत जिथे नमुने साठवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर ओळीनं उभे असतात, ती खोली बहुधा सगळ्यात जास्त उकडणारी असते. कारण साधं आहे. फ्रीझर थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती उचलायला लागणारी वीजसुद्धा शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. दहा-पंधरा वर्षं जुना मोठा फ्रीझर दिवसाला २० ते २५ युनिट वीज खातो. २० युनिट म्हणजे सव्वाआठशे वॉटचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखं झालं. ही उष्णता खोलीबाहेर काढायला एसी लागतो आणि त्याची आणखी सहा-सात युनिटं होतात. वर्षाचा हिशेब केला तर एका जुन्या फ्रीझरपायी साडेनऊ हजार युनिटांच्या वर जातात. १० रुपये दर धरला तर जवळपास लाखभर रुपये. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेसहा टनांच्या वर.

थंड देशांत हिवाळ्यात हीच उष्णता इमारत उबदार ठेवायला उपयोगी पडते. आपल्याकडे तसा एकही महिना नाही. नवी मुंबई-ठाण्यात खारघर, नेरूळ, कामोठे, कळवा, कुठेही जा, बारा महिने ती बाहेरच फेकावी लागते. हरित प्रयोगशाळांबद्दलच्या बऱ्याचशा मार्गदर्शक पुस्तिका युरोप-अमेरिकेतून येतात आणि त्यांतल्या सूचना जशाच्या तशा भिंतीवर लागतात, हे मला पटत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत कुठला उपाय किती फळतो, ते इथलं गणित मांडूनच ठरवायला हवं. ते मांडलं की लक्षात येतं, आपल्याकडे सगळ्यात मोठा खर्च खोलीतली हवा बदलत ठेवण्याचा आहे, त्याच्या खालोखाल फ्रीझरच्या गारव्याचा. प्लास्टिक डोळ्यांना दिसतं म्हणून चर्चा त्याची होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यामागे पैशाची व्यवस्थाही आहे. पिपेटच्या टिपा, ट्यूब, पेशी वाढवायला लागणारा मीडिया, किट यांचा खर्च संशोधकाच्या प्रकल्पातून होतो, म्हणून तो एकेक बॉक्स मोजतो. वीज, पाणी आणि कचऱ्याचं बिल संस्था भरते. पूर्ण इमारतीला एकच मीटर असतो, त्यामुळे कुठल्या मजल्यावरच्या कुठल्या यंत्रानं किती खाल्लं हे गाइडला कळत नाही, विद्यार्थ्याला तर नाहीच. म्हणून पहिली खरेदी नव्या फ्रीझरची करू नये. १६ अँपिअरच्या प्लगला लावायचे दोन-तीन वीजमापक घ्यावेत आणि एकेका यंत्राला आठ-आठ दिवस लावून ठेवावेत. एक दिवस पुरत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी दार उघडलं जात नाही आणि आकडा फसवा येतो. मापक लावताना फ्रीझरचा प्लग काढावा लागतो. ते काम सकाळी, माणसं हजर असताना आणि एका मिनिटात उरकेल असं करावं.

आता उणे ८० की उणे ७०, हा प्रश्न. उणे ८० ला नमुन्यांच्या बाबतीत विशेष काही घडतं असं नाही. पूर्वी असे फ्रीझर उणे ६५, उणे ७० वरच चालत. यंत्रं सुधारत गेली तसा आकडा खाली गेला आणि तोच रिवाज पडला. जिवंत पेशींसाठी तर उणे ८० सुद्धा पुरत नाही. सुमारे उणे १३५ अंशांच्या खाली गेल्यावरच पाण्याच्या रेणूंची हालचाल जवळपास थांबते, म्हणून पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. शुद्ध केलेला डीएनए उणे २० ला वर्षानुवर्षं टिकतो. प्लाझ्मा, ऊती, आरएनए, प्रथिनं यांतलं बहुतेक उणे ७० ला सुखानं राहतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या मंडळींनी उणे ७० ला राखलेल्या नमुन्यांची लांबलचक यादीच करून ठेवली आहे. एवढ्या १० अंशांनी वीज ३० टक्क्यांच्या आसपास वाचते, कॉम्प्रेसरला उसंत मिळते ती वेगळी.

पण नुसतं बटण दाबून काम होत नाही. फ्रीझरच्या पाटीवरचं तापमान एका जागेचं असतं. वरच्या कप्प्यात, दाराजवळ ते पाच-दहा अंशांनी जास्त असू शकतं. म्हणून आधी तापमान मोजणारा वेगळा प्रोब वरच्या कप्प्यात दाराच्या बाजूला दोन दिवस ठेवून बघावं. तिथेच उणे ६८ दिसत असेल तर दाराच्या रबरी पट्टीचा, म्हणजे गॅस्केटचा, किंवा बर्फाचा दोष आधी काढावा. मग अलार्मची मर्यादा बदलावी. हे हमखास राहतं. सेटिंग उणे ७० झालं आणि अलार्म जुन्याच उणे ७० वर राहिला, तर दार उघडलं की तो कोकलतो. दोन दिवसांत कुणीतरी कंटाळून आवाज बंद करतं आणि पुढे खरोखर कॉम्प्रेसर बसतो तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. उणे ७० साठी अलार्म उणे ६० वर असावा. वीज गेल्यावर हाताशी असलेला वेळ थोडा कमी होतो, हेही खरं. भरलेला फ्रीझर सावकाश तापतो, रिकामा लवकर. ज्या क्लिनिकल ट्रायलच्या करारात उणे ८० लिहिलेलं आहे, ते नमुने एका फ्रीझरमध्ये एकत्र करून तो उणे ८० लाच ठेवावा. त्यात वाद घालू नये.

आपल्याकडे फ्रीझरचा खरा वैरी पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये दार उघडलं की ओली हवा आत शिरते आणि बाष्प लगेच गोठतं. सुरुवातीला आतल्या झाकणांच्या कडांवर पिठासारखा भुसभुशीत थर दिसतो. या अवस्थेत तो जाड हातमोजे घालून कोरड्या फडक्यानं पुसला तर दोन मिनिटांचं काम आहे. तसाच सोडला तर दार पूर्ण टेकत नाही आणि फटीतून आणखी दमट हवा जाते. मग भुशाचा काचेसारखा घट्ट बर्फ होतो, तो रबरी गॅस्केटला चिकटतो आणि पुढच्या वेळी दार ओढताना गॅस्केटच फाटतं. गॅस्केट तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं. पट्टी सहज सरकून बाहेर आली तर तिथे फट आहे. बर्फ काढायला प्लास्टिकचा स्क्रेपर वापरावा. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी कधीही नाही. काही फ्रीझरमध्ये गॅसची नळी आतल्या पत्र्याच्या अगदी मागून जाते. तिला भोक पडलं की अख्खा फ्रीझर भंगारात.

पूर्ण डिफ्रॉस्ट जानेवारी-फेब्रुवारीत करावं. तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि वळवाच्या वाऱ्यानं वीज जाण्याची भीती नसते. नमुने राखीव फ्रीझरमध्ये हलवायचे, हलवताना ड्राय आइस वापरायचा, दार उघडं ठेवून एक दिवस पाणी निथळू द्यायचं, आत कोरडं पुसायचं आणि रिकामा फ्रीझर रात्रभर चालवून तापमान स्थिर झाल्यावरच रॅक टप्प्याटप्प्यानं परत लावायचे. ओला फ्रीझर चालू केला तर आठ दिवसांत बर्फ परत हजर. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची जाळी मात्र दर महिन्याला धुवायला हवी. खारघर-तळोज्याच्या बांधकामांची धूळ तिच्यावर गालिच्यासारखी बसते आणि फ्रीझर धापा टाकतो. मागे १५-२० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. तिथे थर्मोकोलचे रिकामे खोके रचून ठेवायची सवय मोडली तरी फरक पडतो.

नवा फ्रीझर घ्यायचाच असेल तर थंडाव्याचा गॅस म्हणून प्रोपेन-इथेन वापरणारा घ्यावा. त्याच आकारात तो दिवसाला ८ ते १० युनिटांत भागवतो. कंपनीच्या पत्रकातला आकडा वातानुकूलित खोलीतला असतो, आपल्या खोलीत तो वाढणार हे धरून चालावं. जुना फ्रीझर मात्र भंगारवाल्याकडे तसाच देऊ नये. त्यातला फ्लोरिनयुक्त गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापमानवाढ करतो. मेकॅनिककडून तो सिलिंडरमध्ये काढून घेतल्याची पावती आधी, मग खोका बाहेर.

फ्रीझर दिसतो तरी, हवा दिसतच नाही. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी १५० घनमीटरची प्रयोगशाळा घेऊ. तिथे सगळी हवा बाहेरून घेऊन तासाला १२ वेळा बदलायची असेल तर तासाला १,८०० घनमीटर हवा लागते. पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते. ती हवा १३ अंशांपर्यंत थंड करायला साधारण ३० किलोवॉट, म्हणजे साडेआठ टनांचं कूलिंग लागतं. यातला निम्म्याहून जास्त भाग हवा थंड करण्यात जात नाही, तिच्यातलं बाष्प पाणी करून काढण्यात जातो. एवढ्याशा खोलीच्या हवेतून तासाला सुमारे २७ लिटर पाणी निथळतं, दिवसाला साडेसहाशे लिटर. कोरड्या हवेच्या शहरात हे गणितच नसतं. तिथली पुस्तिका म्हणते थर्मोस्टॅट एक अंशानं वाढवा. इथे त्यानं थोडकंच साधतं. इथे बाहेरची हवा किती आत घेता, यावर सगळं अवलंबून आहे.

तासाला १२ वेळा हवा बदलायची हा आकडा पुष्कळ ठिकाणी नुसता चालत आलेला असतो. साध्या प्रयोगशाळेत, जिथे वाफाळणारी रसायनं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे हवा बाहेर ओढून टाकणाऱ्या काचेच्या कपाटातच हाताळली जातात, तिथे दिवसा सहा ते आठ आणि रात्री खोली रिकामी असताना चार पुरतात. सहा केले की ३० किलोवॉटचे १५ होतात. मात्र हे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला विचारून आणि खोलीचा दाब मोजूनच करायचं. संसर्गजन्य काम चालतं तिथे हवा बाहेरच्या मार्गिकेतून आत वाहिली पाहिजे. दारापाशी टिश्यूची पट्टी धरली की ती कुठल्या दिशेला उडते ते लगेच कळतं. धोकादायक जंतूंसाठीची बीएसएल-३ प्रयोगशाळा आणि प्राणिगृह यांना हात लावू नये, त्यांचे नियम वेगळे आहेत. आणखी एक जागा बघावी: एएचयूमध्ये, म्हणजे हवा थंड करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रात, हवा १३ अंशांना नेल्यावर ती परत २२ ला आणायला विजेचे हीटर बसवलेले असतात. म्हणजे आधी विजेनं थंड, मग विजेनं गरम. कित्येकदा हे हीटर सेन्सर बिघडल्यामुळे वर्षानुवर्षं चालू राहतात आणि खोली थंड असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. तारेतला वीजप्रवाह दाखवणारा क्लॅम्प मीटर लावून ते एकदा तपासायला अर्धा तास पुरे.

फ्यूम हूडची काच खाली ओढा, वीज वाचवा, असे स्टिकर लागतात. काच खाली ओढणं सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. पण आपल्याकडचे बरेचसे हूड स्थिर प्रवाहाचे असतात. काच खाली केली की ती हवा वरच्या झडपेतून जाते, पंखा तेवढीच ओढतो आणि वीज एक पैशाची वाचत नाही. सव्वा मीटर रुंदीचा एक हूड काच अर्धी उघडी असताना तासाला ९०० घनमीटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या हवेच्या निम्मी. तेव्हा आधी हूडचा प्रकार बघावा. स्थिर प्रवाहाचा असेल आणि आत काही वाफाळत नसेल तर रात्री बंद करणं किंवा पंख्याला वेग कमी-जास्त करणारं व्हीएफडी लावणं हाच उपाय. हूडचा रसायनांच्या कपाटासारखा वापर होत असेल तर तो बंदच करता येत नाही. म्हणून बाटल्या आधी वेगळ्या हवेशीर कपाटात हलवायच्या. बायोसेफ्टी कॅबिनेट, ज्याला सगळे सरसकट लॅमिनार म्हणतात, काम संपल्यावर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून बंद करायला काहीच हरकत नाही. सुरू करताना पाच मिनिटं आधी लावावं. रात्रभर अल्ट्राव्हायोलेट दिवा जाळण्यात अर्थ नाही, धूळ बसलेल्या ट्यूबनं जंतू मरत नाहीत आणि ७० टक्के अल्कोहोलनं पुसणं चुकत नाही.

एएचयूचं ते निथळणारं पाणी सरळ गटारात जातं. त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून कूलिंग टॉवरला ते उत्तम. एक पीव्हीसी पाइप, एक टाकी, एक छोटा पंप. पिण्यासाठी अर्थातच नाही, आणि टाकीत साचू न देता रोजचं रोज वापरायचं. खारघर-कामोठ्यात उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि त्याच इमारतींच्या गच्चीवरून हे पाणी वाहत असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

काचेच्या डिस्टिलेशन प्लांटचाही हिशेब असाच. एक लिटर डिस्टिल्ड पाण्याला ०.७ युनिट वीज लागते, ती टाळता येत नाही. पण वाफ थंड करायला नळाचं पाणी सोडलेलं असतं. ते ३० अंशांना आत जाऊन ६० ला बाहेर आलं तर लिटरमागे १८ लिटर लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मुळातच कोमट, मग तोटी आणखी मोठी सोडली जाते. हे पाणी टाकीत फिरवून परत वापरावं, नाहीतर आरओ आणि डीआयनाइझर लावून प्लांटच बंद करावा. आरओ लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो, ते शौचालयाच्या टाक्यांना आणि लादी पुसायला चालतं. १८.२ मेगाओमचं अतिशुद्ध पाणी पीसीआर, पेशीसंवर्धन, एचपीएलसी यांसारख्या नाजूक कामांसाठी. त्यानं काचेची भांडी विसळणं आणि वॉटर बाथ भरणं लगेच थांबवावं. नळाला जोडलेल्या अ‍ॅस्पिरेटरवर व्हॅक्यूम घेत असाल तर तो मिनिटाला सात-आठ लिटर पाणी ओततो. छोटा डायफ्राम पंप घ्या.

कचऱ्याचं महत्त्व मी कमी करत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या जीववैज्ञानिक, वैद्यकीय आणि कृषी प्रयोगशाळांचं २०१४ मधलं प्लास्टिक ५५ लाख टन असावं असा अंदाज मांडला होता. पण टिपा परत वापरण्याच्या गप्पांपेक्षा पिशवीचा रंग बरोबर असणं जास्त मोलाचं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे संवर्धनाच्या डिश, फ्लास्क आणि पेशी संस्थेतच निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत जातात. हातमोजे, ट्यूब, सुया काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुनर्वापराला जातं, पिवळ्यातलं भट्टीत जळतं. प्रत्यक्षात काय होतं? “मॅडम, सगळं पिवळ्यातच टाकू का, म्हणजे भानगड नको?” मावशींचा प्रश्न रास्त असतो, कारण त्यांना कुणी नीट शिकवलेलं नसतं. मग टिपांच्या बॉक्सचं वेष्टन, पुठ्ठा, किटची माहितीपत्रकं सगळं भट्टीत. टिपांचा रिकामा बॉक्स संसर्गाच्या जवळ गेलेलाच नसेल तर तो स्वच्छ पॉलिप्रॉपिलीन आहे, सुक्या कचऱ्यात द्यावा. त्याहून बरं म्हणजे रिफिल मागवून तोच बॉक्स पुन्हा भरावा. वेष्टनांची टोपली लॅमिनारच्या बाहेर हाताच्या अंतरावर ठेवली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हपाशी सगळ्यात जास्त वाया जातं ते घट्ट बांधलेल्या पिशवीमुळे. पिशवीचं तोंड आवळलं की आतली हवा आतच अडकते, वाफ मध्यापर्यंत पोचत नाही आणि कोरड्या डिशच्या चळतीत तापमान मागे राहतं. बाहेरची पट्टेदार टेप काळी होते, पण ती फक्त बाहेरच्या तापमानाची खूण. नियमात साध्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश, १५ पीएसआय, ६० मिनिटं असं आहे. पिशवी पाऊणच भरा, तोंड सैल ठेवा, आत कपभर पाणी टाका, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवा आणि इंडिकेटर पिशवीच्या पोटात घाला. फेरी फसली तर चार-सहा किलोवॉटचा हीटर पुन्हा तासभर. हायपोक्लोराइट घातलेला द्रव ऑटोक्लेव्हमध्ये कधीही घालू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि भांडंही गंजतं. द्रव एक तर ब्लीच करा, नाहीतर ऑटोक्लेव्ह.

सगळ्यात महाग कचरा म्हणजे फुकट गेलेला प्रयोग. पेशीसंवर्धनात शिरणारा मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. तो शिरलेल्या पेशींवर तीन महिने काम झालं की तेवढे फ्लास्क, मीडिया, वीज सगळं पाण्यात. महिन्यातून एकदा पीसीआरनं तपासणी आणि बाहेरून आलेल्या पेशी पंधरा दिवस वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं.

तेच फ्रीझरमधल्या खोक्यांचं. पीएच.डी. संपवून विद्यार्थी जातो आणि “एस २, टी ७, नवीन” असं लिहिलेली खोकी मागे राहतात. ती टाकायची हिंमत कुणाची होत नाही, जागा पुरत नाही म्हणून आणखी एक फ्रीझर मागवला जातो. पदवी घेताना ग्रंथालय, वसतिगृह, लेखा विभाग यांची नो ड्यूजवर सही लागते. त्याच कागदावर फ्रीझरची एक ओळ वाढवावी. रॅक क्रमांक, खोक्याचा क्रमांक, आत काय, कुणाच्या संमतिपत्रावर घेतलेला नमुना, कधीपर्यंत ठेवायचा आणि पुढे जबाबदार कोण, अशी यादी गाइडच्या सहीनं जमा झाल्याशिवाय ती ओळ भरू नये. रुग्णांचे नमुने टाकण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते, म्हणून विद्यार्थी निघायच्या दोन महिने आधी ही यादी सुरू करावी लागेल.